बाटल्या कमी, भाजी जास्त: घरच्या स्वस्त आशियाई शाकाहारी जेवणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘आशियाई’ म्हणजे नेमकं कुठलं जेवण? आपलं वरणभातही आशियाईच ना?

बरोबर आहे, आणि म्हणूनच हा शब्द मला जरा गमतीचा वाटतो. इथे मी तो बोलण्याच्या सोयीसाठी वापरते आहे. ब्रह्मदेश, थायलंड, इंडोनेशिया, चीन आणि थोडंसं जपान, अशा पूर्वेकडच्या स्वयंपाकघरांतले पदार्थ, तेही आपल्या भाजीबाजारात आणि किराणा दुकानात जे मिळतं त्यावर बेतलेले. अस्सलपणाचा दावा नाही. पण जिथे पदार्थ मुळापेक्षा वेगळा झाला आहे तिथे ते सांगितलं आहे.

सुरुवातीला दुकानातून काय काय आणावं लागेल?

सोया सॉस. बाकीचं बहुतेक घरात असतं.

लोक पहिल्याच उत्साहात पाच-सहा बाटल्या आणतात: रेड चिली सॉस, ग्रीन चिली सॉस, शेजवान चटणी, ऑयस्टर चवीचा कुठलातरी सॉस, शिवाय मंच्युरियन मसाल्याचं पाकीट. त्यातल्या निम्म्या फ्रीजच्या दारात वर्षभर उभ्या राहतात. हे जेवण महाग पडतं ते या बाटल्यांमुळे. कोबी, वांगी, बटाटे, मूग, बेसन, दाणे या गोष्टी महाग नाहीतच.

सोया सॉसची एक बाटली घ्या, तीही लाइट. डार्क सोया दाट आणि गडद असतो. त्याचं मुख्य काम रंगाचं, आणि रंगासाठी दुसरी बाटली घ्यायचं कारण नाही. व्हिनेगर असलं तर उत्तम, नसलं तर लिंबू. कॉर्नफ्लोअरचा लहान डबा सहा महिने पुरतो. तीळ घरात असतातच. ते खमंग भाजून खलबत्त्यात जाडसर कुटले की तिळाच्या महागड्या तेलाचं काम बऱ्यापैकी होतं. ते तेल भाजलेल्या तिळांचं असतं. आपलं नेहमीचं तिळाचं तेल कच्च्या तिळांचं, त्याला तो वास येत नाही.

चार माणसांचं जेवण साधारण किती रुपयांत होतं?

चीनच्या ईशान्येकडे ‘दी सान श्येन’ नावाची भाजी करतात. नावाचा अर्थ साधारण ‘मातीतल्या तीन ताज्या चवी’ असा. त्या तीन चवी म्हणजे बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची. मंडईतल्या कुठल्याही गाळ्यावर एका जागी उभं राहून मिळणारं सामान.

माझा मागच्या वेळचा हिशेब असा होता. बटाटे 300 ग्रॅम 10 रुपये, वांगी 400 ग्रॅम 24, ढोबळी मिरची 150 ग्रॅम 12, लसूण 6, तेल 12, सोया सॉस-साखर-कॉर्नफ्लोअर मिळून 8, भाताला 300 ग्रॅम कोलम 18, आणि बाजूला दोन काकड्या 15. एकूण 105 रुपये, म्हणजे माणशी 26 आणि वर थोडे. गॅस धरलेला नाही. पावसाळ्यात भाज्या कडाडल्या की हाच हिशेब दीडपट होतो.

कृती सांगते. बटाट्याच्या अर्ध्या बोटाएवढ्या जाड फोडी करा. वांग्याचे मोठे तुकडे करून त्यांना मीठ चोळा, दहा मिनिटांनी सुटलेलं पाणी दाबून काढा आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर भुरभुरवा. ही पायरी गाळू नका. वांगं स्पंजासारखं तेल पितं, आणि पिठाचा हा पातळ थर त्याला आवर घालतो. हॉटेलात तिन्ही भाज्या तळून काढतात. घरी कढईत पाच मोठे चमचे तेल पुरतं. आधी बटाटे, कडा तांबूस होईपर्यंत, आठ-दहा मिनिटं. ते काढून वांगी, सहा-सात मिनिटं. तीही काढून ढोबळी मिरची, जेमतेम अर्धा मिनिट. मग उरलेल्या तेलात सात-आठ पाकळ्या ठेचलेला लसूण. तो पिवळसर झाला की सगळ्या भाज्या परत कढईत, आणि वरून हे मिश्रण: दोन मोठे चमचे सोया सॉस, एक छोटा चमचा साखर, एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर, अर्धा छोटा चमचा व्हिनेगर आणि अर्धी वाटी पाणी. कॉर्नफ्लोअर तळाशी बसतं, म्हणून ओतण्याआधी ढवळा. मिनिटभरात रस चकचकीत होऊन भाजीला धरतो. लगेच वाढा, थांबलात तर ढोबळी मिरची लोळागोळा होते.

काकडी सोलू नका. पोळपाटावर ठेवून लाटण्याने एक-दोन दणके द्या, म्हणजे ती वेडीवाकडी फुटते. मग तुकडे करून त्यात लसूण, मीठ, किंचित साखर, व्हिनेगर आणि कुटलेले तीळ. सुरीने कापलेल्या गुळगुळीत चकत्यांना रस धरत नाही, फुटलेल्या काकडीला धरतो. आमच्याकडे हिला ‘रागावलेली कोशिंबीर’ म्हणतात.

गाडीवरच्या चायनीजची चव घरी का येत नाही?

आचेमुळे. गाडीवरच्या भट्टीची आच घरच्या शेगडीच्या कित्येक पट असते. भाजी कढईत पडते आणि तिचं पाणी सुटायच्या आत उडून जातं. घरी तीच भाजी आपल्याच पाण्यात शिजते, आणि मग तिला कोबीच्या भाजीचा वास येऊ लागतो.

शेगडी बदलता येत नाही, सवयी बदलता येतात. कढई आधी कोरडीच तापवा, धूर दिसू लागला की मग तेल. एका वेळी दोन माणसांपुरतीच भाजी परता. चार माणसांची करायची तर दोनदा करा. भाजी धुऊन पंचावर पसरून कोरडी करा. मीठ आणि सोया सॉस शेवटी. आणि झाकण ठेवायचं नाही. आपल्या हाताला भाजीवर झाकण ठेवायची इतकी सवय असते की मी पहिले काही दिवस झाकणं ओट्यावरून उचलून कपाटात ठेवली होती.

त्यासाठी वेगळी चिनी कढई घ्यावी का?

नको. आपली पातळ लोखंडी कढई, आजीची असेल तर अधिक चांगली. नॉनस्टिक मात्र इतक्या कडक आचेवर वापरू नका, तिच्या लेपाला ती सोसत नाही.

फ्राइड राइसला कुठला तांदूळ? आणि शिळाच भात हवा का?

कोलम किंवा कुठलाही मोकळा होणारा तांदूळ. बासमतीची गरज नाही. इंद्रायणी तर नकोच, त्याचा गिचका होतो. उलट चिकट भात हवा असेल, म्हणजे जपानी पद्धतीचे मुटके वळायचे असतील, तर मावळातल्या इंद्रायणीसारखा तांदूळ नाही. आत लोणच्याची फोड ठेवून मुटका वळा, बाहेरून तीळ लावा. मुलं डब्यात आनंदाने नेतात.

शिळ्या भाताचं कारण असं की थंड झाल्यावर तांदळातलं पिष्ट घट्ट होतं आणि शीत न् शीत सुटं राहतं. ताजा गरम भात परतला की लगदा. पण शिळा म्हणजे फ्रीजमधला शिळा. इथे जरा थांबून नीट सांगते. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्यातूनही वाचतात. भात तासन् तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा कितीही परतलं तरी जात नाही. म्हणून भात शिजल्यावर परातीत पसरा, तासाभरात गार करून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. ‘आम्ही आयुष्यभर रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकत आलोय’ हे उत्तर मला प्रत्येक वेळी मिळतं. थंडीत बहुतेकदा निभावतं. मे महिन्यातल्या मुंबईत मी तरी ती जोखीम घेणार नाही.

आदल्या दिवशीचा भात नसेल तर थोडं कमी पाणी घालून शिजवा आणि पंख्याखाली अर्धा तास पसरून ठेवा. काम भागतं.

टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) परवडत नाही. काय करू?

दोन वाटा आहेत. मला पहिली जास्त आवडते.

ब्रह्मदेशाच्या शान प्रांतात टोफू सोयाबीनचा नसतो, हरभऱ्याच्या पिठाचा असतो. म्हणजे आपलं बेसन! पाटवडी येणाऱ्या माणसाला हा टोफू येतोच, फक्त अजून त्याला ते माहीत नसतं. एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी, पाव चमचा हळद, चवीला मीठ. एका वाटी पाण्यात बेसन गुठळ्या न ठेवता कालवा. दोन वाट्या पाणी उकळवून त्यात हे हळूहळू ओता आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटं सतत घाटा. पिठलं दाट झालं, चकाकायला लागलं आणि कच्चा वास गेला की तेल लावलेल्या डब्यात ओता. फोडणी नाही, मिरची नाही. इथे हात आवरावा लागतो. दोन-तीन तासांत घट्ट होतं. सुरीने पातळ तुकडे करा.

त्याचं शान पद्धतीचं सॅलड असं. तुकड्यांवर चिंचेचा पातळ कोळ, थोडा सोया सॉस, तळलेला लसूण त्याच्या तेलासकट, लाल तिखट, भाजलेल्या दाण्यांचं भरड कूट आणि भरपूर कोथिंबीर. यातला एक सोया सॉस सोडला तर सगळं आपल्या फळीवर आहे. तुकडे तळलेही जातात. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ लागतात. आणि घट्ट व्हायच्या आधीचं, गरम, ओघळतं पिठलं तिथे तांदळाच्या शेवयांवर ओतून खातात. कोकणातल्या शिरवळ्या ज्यांना करता येतात त्यांनी हे एकदा करून बघावं. नारळाच्या गोड रसाऐवजी खाली तिखटमीठ आणि वर बेसन.

दुसरी वाट म्हणजे सोयाबीनचा टोफू घरी करणं. गंमत बघा, मराठवाडा-विदर्भात नजर जाईल तिथे सोयाबीन, लातूरची बाजारपेठ त्यासाठी देशभर ओळखली जाते, आणि आपल्या ताटात मात्र ते येतं तेलाच्या किंवा सोयावडीच्या रूपात. 2025-26 च्या खरिपाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता, म्हणजे किलोला साधारण 53. टोफूच्या लहान पाकिटावरची किंमत या आकड्याशेजारी ठेवून पाहा.

पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवा, चोळून सालं काढा, दोन लिटर पाणी थोडं थोडं घालत मिक्सरमधून बारीक वाटा आणि पंचातून पिळून घ्या. हे दूध मोठ्या पातेल्यात दहा मिनिटं तरी उकळलंच पाहिजे. कच्च्या सोयाबीनमधले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत, पोट बिघडतं. उकळताना ते एकदम वर येतं, गाईच्या दुधापेक्षा वाईट. तिथून हलू नका. मग खाली उतरवा, दोन-तीन मिनिटं थांबा, तीन मोठे चमचे लिंबाचा रस वाटीभर पाण्यात मिसळून दोन-तीन वेळा विभागून घाला आणि हलकेच एकदा फिरवा. पंधरा मिनिटांत फाटतं. पंचात बांधून वर वरवंटा अर्धा तास. 300 ते 400 ग्रॅम टोफू निघतो. लिंबामुळे किंचित आंबूस लागतो, पण परतल्यावर ते जाणवत नाही. उरलेला चोथा थालीपिठाच्या पिठात मळा.

टोफूऐवजी पनीर चालेल?

चालेल, पण मग ‘स्वस्त’ हा शब्द खोडावा लागेल. सोयावडी घ्या. कोरड्या सोयावडीत शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. मात्र गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा, नाहीतर तो विशिष्ट वास अख्ख्या जेवणावर बसतो.

शेजवान म्हणजेच सिचुआन का?

नाव तिथलंच, चव आपली. आपली शेजवान चटणी म्हणजे लाल मिरची, लसूण आणि तेल. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या जेवणात तिखटाच्या जोडीला जिभेला मुंग्या आणणारी एक गोष्ट असते, हुआच्याओ. तिला सिचुआन मिरी म्हणतात, पण ती मिरी नव्हे. आणि इथे कोकणी-गोवेकर वाचकांनी कान टवकारावेत, कारण ती आपल्या तिरफळाची सख्खी बहीण आहे. दोन्ही झाडं झँथोझायलम या एकाच प्रजातीतली. बांगड्याच्या तिखल्यात किंवा तुरीच्या आमटीत जे तिरफळ पडतं, तेच घेऊन आपण सिचुआनमधल्या चेंगडू शहराच्या प्रसिद्ध मापो टोफूच्या, म्हणजे झणझणीत रश्शातल्या टोफूच्या, जवळपास जाऊ शकतो. तिरफळाला लिंबाचा आणि लाकडाचा वास जास्त असतो, पण मुंग्या तेही आणतं.

फक्त साल वापरायची. आतलं काळं बी फेकून द्यायचं, ते दाताखाली वाळूसारखं येतं. आठ-दहा तिरफळांची सालं कोरड्या तव्यावर मिनिटभर गरम करून खलबत्त्यात पूड करा. आठ ब्याडगी आणि दोन लवंगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून वाटा. तेलात आलं-लसूण, मग बारीक चिरलेली अळिंबी किंवा भिजवलेला सोयाचुरा, मग मिरचीचं वाटण. तेल लाल होऊन सुटेपर्यंत परता. दोन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे सोया सॉस, चिमूटभर साखर. टोफूचे तुकडे मिठाच्या गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवून, निथळून यात सोडा आणि हलक्या हाताने पाच मिनिटं उकळवा. कॉर्नफ्लोअरच्या पाण्याने दाट करा. तिरफळाची पूड सगळ्यात शेवटी, पाव चमचा, वरून. चेंगडूत यात आंबवलेल्या बाकल्याचं तिखट वाटण आणि मांसाचा खिमा असतो. ते दोन्ही नसल्याने हा पदार्थ मूळ मापो टोफू नाही. भातावर घेऊन बघा, आणि पाणी जवळ ठेवा.

अजिनोमोटो घालावं का? घातक असतं म्हणतात.

1908 मध्ये टोकियोतल्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू या समुद्री शेवाळातून हा चवीचा घटक वेगळा केला. मोनोसोडियम ग्लुटामेट हे त्याचं नाव. अजिनोमोटो हे कंपनीचं नाव, जसं आपण वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणतो तसं. भीतीची सुरुवात 1968 मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रातून झाली. पुढच्या तपासण्यांत, जेवणात घालतो तेवढ्या प्रमाणात ते बहुतेकांना घातक असल्याचं दिसलं नाही, आणि अमेरिकेची अन्न व औषध संस्था ते सुरक्षित पदार्थांत धरते. पिकलेल्या टोमॅटोत आणि अळिंबीत ग्लुटामेट निसर्गतःच असतं.

मी घालत नाही. भीती म्हणून नाही. पाव किलो पिकलेले टोमॅटो नीट आटवले आणि सोया सॉस घातला की उणीव भासत नाही, आणि घरात एक पाकीट कमी.

थाई करीची पेस्ट महाग असते. घरी होईल?

होईल, आणि निम्मं सामान कुंडीत असेल. लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा. चहात पात टाकतो, थाई स्वयंपाकात बुंध्याकडचा पांढरट भाग वाटतात. कुंडीतल्या गवती चहाचे बुंधे बारीक असतात, म्हणून पातीची गाठ मारून तीही नारळाच्या दुधात उकळायला सोडा आणि वाढताना काढून टाका. वाटणात सात-आठ हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीच्या काड्या (फेकू नका, थाई लोक मुळंसुद्धा वाटतात), आलं, लसूण, एक छोटा कांदा, धणे, जिरे, मिरी आणि लिंबाच्या सालीचा हिरवा किस. आतला पांढरा भाग किसू नका, कडू होतं. तिथे आल्याऐवजी गलांगल असतं आणि लिंबाचीही वेगळी जात असते, म्हणून वास थोडा वेगळा येणार.

एका नारळाचं दाट आणि पातळ दूध वेगवेगळं काढा. दाट दुधातलं थोडं कढईत तेल सुटेपर्यंत आटवून त्यात वाटण परता, मग पातळ दूध, वांगी, फरसबी, लाल भोपळा. मीठ, गूळ. उरलेलं दाट दूध शेवटी, आणि त्यानंतर खळखळून उकळायचं नाही. सोलकढी करणाऱ्या घराला हे शिकवावं लागत नाही.

वरून तुळस. थायलंडमध्ये परतलेल्या झणझणीत पदार्थांत जी ‘कापाओ’ घालतात ती आपली तुळसच, त्याच जातीची. पण वृंदावनातली तुळस लसणाबरोबर कढईत घालणं आमच्या घरात कुणाला पटलं नाही, आणि मी वादही घातला नाही. करीत तसंही गोडसर वासाची दुसरी जात वापरतात, आपल्या सब्जाच्या जवळची. सब्जाचं रोप लावा. प्रश्न मिटला.

‘व्हेज’ समजून आणलेल्या गोष्टींत मासे निघू शकतात का?

निघतात. थाई करी पेस्टमध्ये बहुधा कोळंबीची पेस्ट असते. फिश सॉस तर नावातच आहे. जपानी मिसो सूपचं पाणी सहसा सुकवलेल्या बोनिटो माशाचं असतं, आणि किमची या कोरियन आंबवलेल्या भाजीतही मासे-कोळंबी पडते. ऑयस्टर सॉस कालवांचा, पण अळिंबीचा शाकाहारीही मिळतो. भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका बघा. परदेशात राहणाऱ्यांना ती सोय नाही. घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी लागते, भिंग घेऊन.

चातुर्मासात कांदा-लसूण नाही. मग हे सगळं बंदच का?

अजिबात नाही. चीन, जपान, कोरियातल्या बौद्ध मठांतलं जेवण शतकानुशतकं कांदा-लसणाशिवायच चालत आलं आहे. तिथे ‘पाच उग्र भाज्या’ वर्ज्य असतात, त्यांत कांदा, लसूण आणि त्यांची भावंडं येतात. काही याद्यांत तर हिंगही! म्हणजे आपण कांद्याऐवजी जे घालतो तेच तिथे वर्ज्य. आपण हिंग घालू, मठ काही म्हणणार नाही.

आलं वाढवा, अळिंबी घाला, भाजलेले तीळ जास्त घ्या. कोबी-गाजराची साधी परतलेली भाजी आल्याच्या भरपूर काड्या घालून करा. लसणाची आठवण फारशी येत नाही. वांगंही चालत नसेल तर दी सान श्येन कार्तिकी एकादशीनंतर.

बाजारातले लांब पांढरे मोड कुठून येतात?

मुगातूनच. आपण उसळीसाठी मोड नखाएवढे झाले की थांबतो, तिकडे बोटाएवढे वाढवतात. मूग आठ तास भिजवा, चाळणीत ओल्या फडक्यावर पसरा, वर दुसरं ओलं फडकं, त्यावर ताटली आणि ताटलीवर वजन. अंधारात ठेवा. उजेड लागला तर हिरवे होतात आणि चव बदलते. वजनाच्या दाबाने ते जाड, रसरशीत वाढतात. दिवसातून तीन-चारदा धुवा, चार-पाच दिवसांत तयार. शंभर ग्रॅम मुगाचे अर्धा किलोच्या आसपास मोड होतात. कढईत एक मिनिट, जास्त नाही.

आमच्याकडे सासरे म्हणतात, ‘भाजी कच्ची राहिलीय.’ काय सांगू?

काही सांगू नका, त्यांना बटाट्याने सुरुवात करून द्या. चीनमधल्या घराघरांत होणारी ही भाजी. बटाट्याचे काडीसारखे बारीक तुकडे करा आणि पाणी नितळ येईपर्यंत दोन-तीनदा धुवा, म्हणजे वरचं पिष्ट जातं. तेलात सुकी मिरची, मग निथळलेला बटाटा, मोठ्या आचेवर तीन मिनिटं, एक मोठा चमचा व्हिनेगर, मीठ. बटाटा शिजलेला असतो, पण दाताखाली करकरीत लागतो. पहिल्या घासाला आमच्याकडेही भुवया वर गेल्या होत्या. पोळीबरोबर वाढा, भाताबरोबर नको. पोळी असली की ज्येष्ठांना पदार्थ ओळखीचा वाटतो.

दाण्याच्या कुटाचं काही होतं का?

इंडोनेशियाचं गादो-गादो. उकडलेला बटाटा, फरसबी, कोबी, मोड, तळलेला टोफू, आणि वर दाण्याची सरसरीत चटणी. वाटीभर कूट, दोन भिजवलेल्या लाल मिरच्या, दोन पाकळ्या लसूण, चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, गरम पाणी. मिक्सरमधून काढून पाच मिनिटं उकळवा. दाट होत जाते, म्हणून पाणी हाताशी ठेवा. मूळ चटणीत बऱ्याचदा कोळंबीची पेस्ट असते, ती वगळायची. तिथे ताडगूळ वापरतात. आपल्याकडे काकवी किंवा काळपट गूळ त्याच्या जवळ जातो.

मंच्युरियन नाही का सांगणार?

मंच्युरियाशी त्याचा संबंध नाही. ते मुंबईचं. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग यांनी 1975 मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंच्युरियन केलं, असं श्रेय त्यांना दिलं जातं. कोबीचे गोळे नंतर आले. मला ते आवडतं, पण गोळे तळायला तेल जातं, वेळ जातो, आणि ओटा पुसायला आणखी वेळ जातो. रोजच्या रात्रीसाठी नाही.

रक्तदाब आहे. सोया सॉस चालेल?

एका मोठ्या चमच्यात साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसभरात 2,000 च्या आत राहावं. वरच्या भाज्यांत चौघांत दोन चमचे पडतात, म्हणजे माणशी 450. तेव्हा सोया सॉस घातला की वेगळं मीठ निम्म्याहून कमी करा, आणि त्या दिवशी लोणचं-पापड नको. डॉक्टरांनी मीठ अगदी तोडायला सांगितलं असेल तर त्यांनाच विचारा. आणि गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांनी बाटली बघून घ्या, नेहमीच्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो.

चॉपस्टिक्स लागतात का?

नाही. थायलंडमध्ये भात चमच्यानेच खातात, काटा फक्त चमच्यावर ढकलायला. ब्रह्मदेशात पारंपरिक पद्धत उजव्या हाताची. शान टोफूचं सॅलड खाताना चिंचेचा कोळ कोपरापर्यंत ओघळतो, तेवढं सांभाळा.